पावसाळ्याआधी टॅग लावून घेताना: आमच्या शाखांच्या मॉनिटरिंगच्या प्रकल्प नोंदी

६ मे

आजपासून हे काम अंगावर घेतलं. आमच्या नागरी सहकारी बँकेच्या ३८ शाखा सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत आहेत. त्या सगळ्यांवर पीआरटीजी हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर नजर ठेवतं. राउटर, स्विच, यूपीएस, एटीएम आणि मुख्य कार्यालयातले सर्व्हर धरून आज सकाळी मोजले तेव्हा ९४३ सेन्सर भरले. सेन्सर म्हणजे एका गोष्टीचं एक मोजमाप: राउटरचा एक पिंग (चालू आहे का ते बघायला पाठवलेली हाक), स्विचच्या एका पोर्टवरचा ट्रॅफिक, एका डिस्कवरची मोकळी जागा. पाऊस सुरू व्हायच्या आत या सगळ्यांना नीट टॅग, म्हणजे शोधायला सोपं जावं म्हणून जोडलेले खुणेचे शब्द, लावायचे आहेत.

कारण आहे २०१९ चा ऑगस्ट. तेव्हा मी इथे नवीन होते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली होता. रात्री साडेदहाला जनरल मॅनेजर साहेब भिजलेला रेनकोट तसाच अंगावर घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "पुराच्या भागातल्या किती शाखांची लाईन चालू आहे?"

स्क्रीनवर दोनशेच्या वर सेन्सर लाल होते. त्यात संध्याकाळी बंद करून ठेवलेले प्रिंटर होते, सुट्टीवर असलेल्या माणसाचा पीसी होता, खरोखर बुडालेली शाखाही होती. सगळ्यांचा लाल रंग एकच. मी वहीच्या मागच्या पानावर शाखांची नावं लिहिली आणि एकेक ग्रुप उघडून खूण करत गेले. चाळीस मिनिटं लागली. उत्तर द्यायला गेले तोवर त्यातल्या आणखी दोन शाखा गेल्या होत्या. ते पान मी फाडून जपून ठेवलं होतं, आज या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही.

७ मे

दिवसभर झाडाकडे बघत बसले. पीआरटीजीत सगळं झाडासारखं असतं: वर रूट, मग प्रोब (प्रत्यक्ष मोजमाप घेणारा प्रोग्राम), मग ग्रुप, त्यात डिव्हाइस, डिव्हाइसखाली सेन्सर आणि सेन्सरच्या पोटात चॅनल, म्हणजे त्यातले आकडे. आमचं झाड जिल्हा, मग शाखा, मग शाखेतलं यंत्र असं लावलेलं आहे. एरवी ते बरोबरच आहे. विट्याच्या शाखेतून फोन आला की विट्याचा ग्रुप उघडायचा, काय लाल आहे ते बघायचं.

पण अडचणीच्या वेळी विचारले जाणारे प्रश्न झाडाच्या फांद्यांप्रमाणे येत नाहीत. पुरातल्या शाखांच्या लाईन किती चालू? कुठल्या शाखा फक्त बॅकअपवर चालल्यात? एकाच कंपनीच्या लाईन एकदम गेल्यात का? कुठे लाईट गेलीय आणि कुठे फायबर तुटलीय? यातला प्रत्येक प्रश्न तिन्ही जिल्ह्यांतून आडवा जातो. झाडात एक वस्तू एकाच जागी बसते, टॅग मात्र एका वस्तूला हवे तेवढे लावता येतात. म्हणून हे सगळं टॅगवर टाकायचं.

संध्याकाळी टीमला हेच सांगितलं: टॅग सुचवताना आधी तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार ते सांगायचं. प्रश्न नसेल तर टॅग नाही.

९ मे

आधी आहेत ते टॅग बघितले. एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने पीआरटीजीशी बोलायच्या सोयीतून, सगळ्या सेन्सरची यादी मागवली: आयडी, नाव, डिव्हाइस, टॅग. एक्सेलमध्ये टाकली तर बरोबर ५०० ओळी. असा गोल आकडा दिसला की मी थांबते. किती ओळी हव्यात हे सांगितलं नाही तर एपीआय ५०० वर थांबतो, तसं कागदपत्रात स्पष्ट लिहिलेलं आहे. आकडा वाढवून पुन्हा मागवली, मग ९४३ आल्या. पहिल्याच यादीवर काम केलं असतं तर कोल्हापूर जिल्हा जवळजवळ अख्खा सुटला असता.

यादीतून निघालं ते असं. एकाच गोष्टीला पाच टॅग: लिंक, लिंक्स, लाईन, वॅन, लीजलाईन. गेल्या सात वर्षांत इथे जे जे आले त्या प्रत्येकाने आपापल्या सवयीचा शब्द टाकला. एकूण ६१ वेगवेगळे टॅग, त्यातले २३ फक्त एकेका सेन्सरवर. 'तात्पुरता' असाही एक टॅग होता, आणि तो ज्या सेन्सरवर होता तो चार वर्षं चालू आहे. कुणाला दोष देण्यासारखं यात नाही. कुणी ठरवूनच दिलं नव्हतं.

१० मे

टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे 'पिंगसेन्सर', 'बँडविड्थसेन्सर' कुणी लावले? काढून टाकू का?"

काढायचे नाहीत. सेन्सर तयार होतानाच पीआरटीजी त्याच्या प्रकाराचे टॅग आपोआप लावतं आणि तयार याद्या त्यांच्याच जोरावर चालतात. सगळ्यात जास्त बँडविड्थ कोण खातंय याची यादी 'बँडविड्थसेन्सर' बघूनच भरते. या सॉफ्टवेअरची सुरुवातच राउटरचा ट्रॅफिक आलेखावर काढण्यापासून झाली. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या पेस्लर कंपनीचा 'राउटर ट्रॅफिक ग्राफर' हे नावाचं मूळ रूप. ट्रॅफिकचे टॅग म्हणून इतके मुरलेले आहेत.

नियम: जन्मजात टॅगला हात लावायचा नाही, आपले त्यांच्या शेजारी लावायचे.

१३ मे

नावं ठरवायला अख्खी दुपार गेली, आणि ती वेळ सार्थकी लागली.

पहिला मुद्दा लिपीचा. टॅग रोमन अक्षरांतच टाकायचे, कारण रात्रपाळीला कुणाच्या यंत्रावर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. या वहीत मात्र मी ते देवनागरीत लिहिते आहे. कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही, पीआरटीजी त्यात फरक करत नाही. स्पेलिंगची मात्र आहे. 'पूर' रोमनमध्ये तीन जणांनी तीन तऱ्हांनी लिहून दाखवला. म्हणून ठरलेल्या स्पेलिंगची यादी छापून प्रत्येकाच्या मॉनिटरखाली चिकटवली.

दुसरा मुद्दा जागेचा. टॅगच्या खान्यात स्पेस दाबली की तिथे एक टॅग संपतो, तसंच कॉमाने आणि एंटरनेही. आज सकाळीच 'पूर कृष्णा' टाकायला गेले आणि 'पूर' व 'कृष्णा' असे दोन टॅग झाले. म्हणून जोडशब्दात मधे आडवी रेघ द्यायची: 'पूर-कृष्णा'. रेघ सुरुवातीला चालत नाही. अधिक आणि उणे ही चिन्हं टॅगच्या पहिल्या जागी टाकता येत नाहीत, कंसही चालत नाहीत, कारण अधिक-उण्याचं काम गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, आहे, ते पुढे येईल.

सामान्य शब्द आधी, खास नंतर: लिंक, लिंक-प्रायमरी, लिंक-बॅकअप. अक्षरानुक्रमे लावले तरी कुटुंब एकत्र राहतं.

१५ आणि १६ मे

पुरात कुठल्या शाखा येतात हे ऑफिसात बसून ठरवायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. दोन दिवस गाडी घेऊन फिरलो.

सांगलीच्या गावभागातल्या शाखेत शिपाई दादांनी शटरच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने ओढलेली रेघ दाखवली, बाजूला '२०१९' असं लिहिलेलं. टेप लावला. जमिनीपासून ४ फूट २ इंच. रॅक भिंतीवर साडेपाच फुटांवर आहे, म्हणजे राउटर वाचतो. यूपीएस मात्र खाली दीड फुटाच्या लोखंडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर. म्हणजे पाणी शटरमधून आत आलं की राउटर कोरडा राहूनही शाखा जाणार, कारण आधी यूपीएस जाणार. त्या घोड्यावर दुसरा घोडा ठेवून यूपीएस वर घ्यायचा, पुराच्या बाकी शाखांतही तसंच करायचं, असं तिथेच ठरवलं आणि शाखाधिकाऱ्यांनी सुताराला फोन लावला. टॅगच्या कामातून निघालेलं हे सगळ्यात मोलाचं काम असेल.

एकच 'पूर' टॅग पुरणार नाही हेही फिरताना कळलं. सांगलीकर आयर्विनचा आकडा बघतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याचा बघतात: ३९ आणि ४३. कृष्णा चढते तेव्हा पंचगंगा चढलेली असेलच असं नाही, दोन्हींची वेळ वेगळी. म्हणून 'पूर-कृष्णा' आणि 'पूर-पंचगंगा' असे दोन. नृसिंहवाडीला दोन्ही नद्यांचा संगम आहे, त्यामुळे शिरोळकडच्या आमच्या शाखेला दोन्ही टॅग. झाडात हिला कुठल्या ग्रुपमध्ये टाकायचं यावर आमच्याकडे पूर्वी वाद झालेला आहे. टॅगमध्ये वादच उरत नाही.

तिसरा टॅग शाखाधिकाऱ्यांनीच सुचवला. त्यांची शाखा उंचावर आहे, पाणी येत नाही, पण दोन्ही बाजूंचे रस्ते बुडतात. "मॅडम, आमची लाईन गेली तर माणूस येऊच शकत नाही, हे तुमच्या कॉम्प्युटरला कळू दे." त्याला 'वाट-बंद' नाव दिलं. अशा ५ शाखा निघाल्या.

हिशेब: पूर-कृष्णा ८ शाखा, पूर-पंचगंगा ७, एक दोन्हींत, म्हणून एकूण १४.

२० मे

आज प्रत्यक्ष लावायला घेतले. प्रश्न हा की टॅग कुठे टांगायचा. पीआरटीजीत वरचा टॅग आपोआप खाली उतरतो. ग्रुपला लावला की त्यातल्या डिव्हाइसना आणि सेन्सरना मिळतो. सेन्सरच्या सेटिंगमध्ये असे वारशाने आलेले टॅग वेगळ्या ओळीत फक्त दिसतात, तिथून पुसता येत नाहीत. पुसायचा तर जिथे टांगला तिथे जावं लागतं.

'पूर-कृष्णा' शाखेच्या ग्रुपवर टांगला. आठ ग्रुप, आठ वेळा टाइप केलं, संपलं. मग त्या टॅगवर गाळून बघितलं तर १७१ सेन्सर. प्रिंटर, स्विचचे सगळे पोर्ट, शाखाधिकाऱ्यांच्या पीसीची डिस्क, सगळं आलं. २०१९ च्या स्क्रीनचीच आवृत्ती, फक्त जरा लहान.

क्षणभर वाटलं की टॅग सेन्सरवरच लावायला हवा होता. मग लक्षात आलं की टॅग बरोबर जागी आहे, मीच अर्धा प्रश्न विचारला होता. शाखा पुराच्या भागात आहे ही गोष्ट शाखेची, म्हणून ती ग्रुपवर. हा पिंग लाईनचा आहे ही गोष्ट सेन्सरची, म्हणून ती सेन्सरवर. जागेचे टॅग वर, कामाचे टॅग खाली. आणि गाळताना दोन्ही एकदम मागायचे.

उद्या प्रत्येक शाखेच्या दोन्ही लाईनच्या पिंगला 'लिंक' लावायचा. ट्रॅफिकच्या सेन्सरला नाही, नाहीतर एकाच लाईनच्या दोन ओळी येतील.

२१ मे

३८ शाखा गुणिले २, म्हणजे ७६ पिंग सेन्सर 'लिंक'वाले. 'पूर-कृष्णा'मधले १६ आज हाताने केले, बाकीचे स्क्रिप्टने करायचं ठरलं.

पीआरटीजीच्या लायब्ररीत नवीन नोड, म्हणजे गाळलेल्या सेन्सरची वेगळी यादी, काढून गाळणीत 'पूर-कृष्णा लिंक' टाकलं. भलीमोठी यादी आली. नुसते दोन टॅग दिले तर त्यातला कुठलाही एक असलेला सेन्सर येतो. दोन्ही असायलाच हवेत असं सांगायचं तर प्रत्येकाच्या आधी अधिकचं चिन्ह: '+पूर-कृष्णा +लिंक'. नको असलेल्याच्या आधी उणे. सगळे टॅग लागल्यावर हा फरक किती पडेल ते कागदावर मांडलं: चिन्हाशिवाय १७१ अधिक ७६ वजा दोन्हींत मोजलेले १६, म्हणजे २३१ ओळी. चिन्हासह १६.

या सोळा ओळी म्हणजे त्या रात्री साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं कृष्णेपुरतं उत्तर.

२४ मे

आज माझ्याकडून चूक झाली, ती सविस्तर लिहून ठेवते.

उरलेल्या ६० सेन्सरना 'लिंक' लावायला एपीआयवर स्क्रिप्ट लिहिली. साताऱ्याच्या १२ सेन्सरवर चालवून बघितली. सेन्सर उघडून पाहिला, 'लिंक' दिसला, बरं वाटलं. तासाभराने नव्या मुलीने हाक मारली, "मॅडम, पिंगच्या यादीत साताऱ्याच्या लाईन दिसत नाहीयेत." एपीआयने टॅगचं खानं बदलताना आपण देतो तेवढाच मजकूर राहतो, जुना जातो. मी 'लिंक' दिला, 'पिंगसेन्सर' गेला. पिंग चालूच होते, मोजमाप होतच होतं, फक्त यादीतून ते नाहीसे झाले. असं नुकसान लाल होत नाही, म्हणून ते दिवसेंदिवस लपून राहू शकतं.

९ मेची एक्सेलची यादी कामाला आली. तिच्यावरून बाराच्या बारा सेन्सर पूर्ववत केले. स्क्रिप्ट बदलली: आधी आहेत ते टॅग वाचायचे, त्यात नवा जोडायचा, मग सगळे मिळून परत लिहायचे, आणि लिहिण्याआधी जुने एका फाइलमध्ये ठेवायचे. पुन्हा एका सेन्सरवर, मग पाचवर, मग बाकीच्यांवर चालवली. सात वाजता ७६ पूर्ण झाले.

चूक जिने पकडली तिलाच आता स्क्रिप्ट सांभाळायला दिली आहे.

२७ मे

नवा टॅग लावला आणि लगेच गाळला तर कधी कधी सापडत नाही. काही मिनिटं जातात. चहा घेऊन परत या. टीमला सांगितलं, कारण एकाने आज तोच टॅग तीनदा लावला.

३ जून

गगनबावड्याच्या शाखेचं काय करायचं, यावर आज बोललो. तिथे बॅकअप लाईन व्हीसॅटची आहे, म्हणजे उपग्रहावरून. पावसात तिथे केबलचा भरवसा नसतो, म्हणून ती घेतली. तिचा पिंग कायम ६०० मिलिसेकंदांच्या पुढे. बाकीच्या लाईन १० ते ६० मध्ये. त्यामुळे मंद लाईनच्या यादीत ही रोज पहिली. रोजची पहिली ओळ बघायची नाही अशी सवय डोळ्यांना लागली की दुसरी ओळही सुटते. गेल्या वर्षी तसंच झालं होतं. आष्ट्याची लाईन चार दिवस रखडत होती आणि यादीत ती दुसऱ्या नंबरवर होती.

नव्या मुलीला वाटत होतं की लाईन खराब आहे, बदलायला सांगू. फळ्यावर हिशेब मांडला. भूस्थिर उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर. पिंग जाताना वर आणि खाली, उत्तर येताना पुन्हा वर आणि खाली, म्हणजे तेच अंतर चार वेळा. १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला तरी ४८० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. उरलेले यंत्रांचे. कुणीही आणि काहीही बदललं तरी ती लाईन याहून फार वेगवान होणार नाही. ती निरोगी आहे, तिची चालच तशी आहे.

म्हणून त्या सेन्सरला 'उपग्रह' टॅग, आणि मंद लाईनच्या यादीची गाळणी '+लिंक -उपग्रह'. व्हीसॅटसाठी वेगळा नोड केला, त्यात एकच ओळ आहे. एका ओळीचा नोड ठेवावा का, यावर मतं पडली. मी ठेवला. जोराच्या पावसात व्हीसॅटचा सिग्नल पडतो, आणि गगनबावड्याला पाऊस कसा पडतो ते सांगायला नको.

७ जून

एक गोष्ट टॅगने होत नाही. साहेबांना हवं होतं की पुराच्या शाखांची लाईन गेली तर एसएमएस तातडीने यावा, बाकीच्यांचा पंधरा मिनिटांनी चालेल. मी म्हटलं, टॅगवर ट्रिगर (अमुक झालं की निरोप पाठव हा नियम) बसवून देते. बसत नाही. नोटिफिकेशनचा ट्रिगर झाडावरच्या वस्तूवरच बसतो आणि तिथून खाली उतरतो. टॅग वस्तू शोधून देतो, तिच्या वतीने निरोप पाठवत नाही.

तरी टॅगचा उपयोग झालाच. आधी शोधावं लागलं असतं की ट्रिगर कुठे कुठे बसवायचा. आता दोन्ही गाळण्यांतून १४ शाखांची २८ लाईन-डिव्हाइस मिळाली आणि प्रत्येकावर ट्रिगर बसवला. शिरोळची दोन दोन्ही याद्यांत होती, ती एकदाच घेतली.

१२ जून

लाईन देणाऱ्या कंपन्यांचे टॅग लावले, त्यांच्या नावांऐवजी करारातल्या क्रमांकाने. प्रत्येक टॅगचा मासिक अहवाल आता आपोआप तयार होतो: कुठली लाईन महिन्यात किती टक्के चालू होती. पूर्वी बोलणी करताना "तुमची लाईन सारखी जाते" एवढंच म्हणता यायचं.

१४ जून

वीज आणि फायबर वेगळी ओळखायची राहिली होती. लाईन लाल झाली की पहिला फोन कुणाला करायचा, लाईनवाल्याला की शाखेला, यातच दहा मिनिटं जातात. यूपीएसला बॅटरीवर जाऊन किती सेकंद झाले आणि अजून किती मिनिटं टिकेल, हे दोन्ही एसएनएमपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची माहिती वाचायच्या ठरलेल्या पद्धतीने, वाचता येतं. यूपीएससाठीच्या आरएफसी १६२८ या मानकात या दोन्हींसाठी ठरलेल्या जागा आहेत. ते सेन्सर बऱ्याच शाखांत आधीपासून होते, पण कुणी बघत नव्हतं. त्यांना 'वीज' टॅग दिला. बॅटरीवरचे सेकंद शून्याच्या वर गेले की सेन्सर पिवळा होईल अशी मर्यादा घातली.

आता '+पूर-पंचगंगा +लिंक' आणि '+पूर-पंचगंगा +वीज' या दोन याद्या एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी मांडल्या आहेत. डावीकडे लाल आणि उजवीकडे पिवळा: आधी शाखेला फोन. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा: आधी लाईनवाल्याला. दोन्हीकडे लाल असेल तर शाखेच्या दोन्ही लाईन गेल्या आणि यूपीएसपर्यंत आपण पोचतच नाही, तेव्हा वॉचमनचा नंबर.

१८ जून

सराव केला. संध्याकाळी, व्यवहार बंद झाल्यावर, इचलकरंजीच्या शाखेची प्रायमरी लाईन मुद्दाम काढली. पहिल्या फेरीत सेन्सर पिवळा, पुढच्या मिनिटाच्या फेरीत लाल, यादीत सगळ्यात वर. रात्रपाळीच्या मुलाने विचारल्याशिवाय उत्तर दिलं: पंचगंगेच्या चौदा लाईनपैकी तेरा चालू, इचलकरंजी बॅकअपवर, वीज आहे. वेळ मोजली नाही. मोजण्याइतकी ती नव्हती.

२४ जुलै

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. दुपारी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली. आम्ही चौघं ऑफिसातच थांबलो आहोत.

रात्री ९.१० ला साहेब आले. रेनकोट तोच असेल असं मला उगाच वाटलं. ते खुर्चीत बसायच्या आत मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पंचगंगेच्या चौदा ओळी: अकरा हिरव्या, एक पिवळी, दोन लाल. कृष्णेच्या सोळा, सगळ्या हिरव्या. साहेबांनी यादी वाचली, दोन लाल शाखांची नावं स्वतःच मोठ्याने म्हटली, मान हलवली आणि विचारलं, "जेवलात का सगळे?"

पहिल्या लाल शाखेत वीज हिरवी होती. लाईनवाल्यांना फोन केला, त्यांच्याकडेही तोच भाग गेलेला होता, पाणी उतरल्यावर माणूस जाईल म्हणाले. शाखा बॅकअपवर आहे, एटीएम चालू आहे. एवढं पुरे.

दुसऱ्या लाल शाखेची वीज पिवळी. बॅटरीवर ११ मिनिटं झालेली, उरलेली ३४. वॉचमन मामांना फोन लावला.

"मामा, लाईट गेलीय का?"

"गेली की ताई. मगाशी वायरमन आला होता, त्यानंच बंद केली. पाणी डीपीपाशी आलंय म्हनला."

"शाखेत पाणी आलंय का?"

"पायरीला लागलंय. आत न्हाई आजून."

"यूपीएस दोन घोड्यांवर आहे ना?"

"हाय हाय. सुतारानं पक्का करून दिलाय. मी हात लावून बघितलाय."

"मग तुम्ही वरच्या मजल्यावर जाऊन बसा, मामा. खाली थांबू नका. मशीनचं आम्ही इथून बघतो."

चौतीस मिनिटांत दिवसभराचा डेटा मुख्य सर्व्हरवर आला आहे का ते तपासलं, एटीएमचा व्यवहार संपल्याची खात्री केली, आणि शाखेचा सर्व्हर इथूनच रीतसर बंद केला. बॅटरी संपायला ९ मिनिटं उरली होती. २०१९ ला हाच सर्व्हर चालू असताना बंद पडला होता आणि डिस्क दुरुस्त व्हायला पाच दिवस गेले होते.

२५ जुलै

सकाळी ६.४० ला एका शाखेतून शाखाधिकारी मॅडमचा फोन आला. पाणी काउंटरच्या खालच्या फळीपर्यंत आलंय. मी यादी बघितली, शाखा यादीत नाही. ना कृष्णेच्या, ना पंचगंगेच्या. अख्ख्या झाडात शोधलं तेव्हा ती सापडली. दोन्ही लाईन लाल, रात्री २.५० पासून. चार तास. आम्ही चौघं जागे होतो आणि आमच्या समोरच्या स्क्रीनवर ती नव्हती.

मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. मी आधी माणसं सुखरूप आहेत ना ते विचारलं. आहेत. रजिस्टरं आदल्या संध्याकाळीच वरच्या रॅकवर ठेवली होती. यूपीएस गेला, स्विच गेला.

कारण दुपारी कळलं. ही शाखा जानेवारीत नव्या जागेत गेली. जुनी जागा बाजारपेठेत उंचावर होती, आणि मेमध्ये आम्ही फिरलो तेव्हा "तिथे कधीच पाणी येत नाही" हे लोकांनी जुन्या जागेबद्दल सांगितलं होतं. आम्हीही जुन्याच शाखेच्या आठवणीने ती वगळली आणि गाडी तिकडे वळवलीच नाही. नवी जागा ओढ्याच्या काठाला आहे. ओढ्याला स्वतःचा पूर आला नव्हता. पंचगंगा फुगली की तिचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं. शेजारच्या दुकानदाराला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दोन बदल केले. शाखा स्थलांतराच्या फॉर्मवर एक ओळ वाढवून घेतली: नव्या जागेच्या शेजाऱ्यांना विचारून पाण्याची पातळी लिहायची, आणि फॉर्मची एक प्रत आमच्याकडे यायची. आणि गाळणीबाहेरचं काही सुटू नये म्हणून रात्रपाळीसाठी आणखी एक नोड: '+लिंक -पूर-कृष्णा -पूर-पंचगंगा', फक्त लाल असलेले. एरवी तो रिकामा असायला हवा. काल रात्री त्यात दोन ओळी दिसल्या असत्या.

मग त्या शाखेच्या ग्रुपवर 'पूर-पंचगंगा' टांगला. थोडा वेळ थांबून यादी पुन्हा उघडली. चौदाच्या सोळा ओळी झाल्या होत्या. नव्या दोन्ही लाल.

संध्याकाळी सुताराचा नंबर मॅडमना पाठवला.